शेजाराचे नाते

उझबेक आणि तेलुगू या दोन भाषांची नावे एका दमात घेतली, तर हा कुणाचा तरी विक्षिप्त छंद असावा असे बहुतेकांना वाटेल. एक ताश्कंद-समरकंदची, दुसरी कृष्णा-गोदावरीच्या काठची. मध्ये हिंदुकुश, सिंधू आणि जवळजवळ सगळा हिंदुस्थान. परंतु हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाने या जोडीकडे इतके परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. ज्या आसफजाही घराण्याने १७२४ पासून १९४८ पर्यंत येथे राज्य केले, त्याच्या संस्थापकाचा आजोबा ख्वाजा आबिद हा समरकंदच्या परिसरातून हिंदुस्थानात आला होता, आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तो कामास आला. ते समरकंद आज उझबेकिस्तानात आहे. तेव्हा ही दोन नावे आपल्या शहराच्या इतिहासात केव्हाच शेजारी येऊन बसलेली आहेत.

हा विषय घेण्याचे कारण मात्र निराळे आहे. तेलुगू आणि तिच्या बहिणी मुळात मध्य आशियातल्या, तुर्की भाषांशी त्यांचे रक्ताचे नाते आहे, असे विधान अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. विधान अगदीच हवेतले नाही. १८५६ साली रॉबर्ट कॉल्डवेल या तिरुनेलवेलीकडच्या मिशनऱ्याने द्राविड भाषांचे पहिले मोठे तौलनिक व्याकरण लिहिले, आणि त्यात या भाषांचा ओढा ज्यांना तो ‘सिथियन’ म्हणे त्या तुर्की, फिनी वगैरे भाषांकडे आहे असे प्रतिपादन केले. पुढल्या संशोधनात ते टिकले नाही. पण जे दिसल्यामुळे त्याला तसे वाटले, ते खोटे नव्हते. ते काय होते हे पाहिले, तर आपल्या मराठीविषयीही काही नवे कळते, आणि आपल्या घरांतल्या एका चालू तक्रारीचे उत्तरही सापडते असे मला वाटते.

प्रथम साम्य पाहू. ‘मी वाचलेले पुस्तक’ हे तेलुगूत ‘नेनु चदिविन पुस्तकं’ असे होते आणि उझबेकमध्ये ‘मेन ओकिगन कितॉब’. तिन्हीकडे आधी वाचणारा, मग वाचनाचे विशेषण झालेले क्रियापद आणि शेवटी पुस्तक. ‘येतो म्हणून सांगितले’ याला तेलुगू माणूस ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ म्हणतो, उझबेक माणूस ‘केलमन देब आय्तदी’ म्हणतो. यातले ‘अनि’ हे ‘म्हणणे’ या अर्थाच्या तेलुगू धातूचे रूप. ‘देब’ हे त्याच अर्थाच्या उझबेक धातूचे. आणि आपले ‘म्हणून’ कशापासून आले हे सांगायलाच नको. एखाद्याचे बोलणे पोचवताना तिन्ही भाषा त्याच्या बोलण्याच्या शेपटीला ‘म्हणून’ची गाठ मारतात.

त्याहून मौजेची गोष्ट ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांची. मराठीत आपण स्वतःसाठी ‘लिहून घेतो’ आणि दुसऱ्यासाठी ‘लिहून देतो’. उझबेकमध्ये ‘योझिब ऑल्दी’ म्हणजे लिहून घेतले आणि ‘योझिब बेर्दी’ म्हणजे लिहून दिले. ‘ऑल’ म्हणजे घेणे, ‘बेर’ म्हणजे देणे. तेलुगूत ‘रासुकोन्नाडु’ आणि ‘रासि इच्चाडु’. ‘कोनु’ घेण्याचे, ‘इच्चु’ देण्याचे. दुसऱ्याकडून लिहवायचे असेल तर धातूच्या पोटातच बदल करावा, ही रीतही तिन्हीकडे आहे : लिहिणे-लिहविणे, रायु-रायिंचु, योझमॉक-योझदिर्मॉक. इतके पाहिल्यावर कुणाच्या मनात नात्याची शंका आली, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता यात फारसीला आणून बसवा. फारसी ही कुळाने मराठीची लांबची चुलत बहीण, दोघीही हिंद-युरोपीय. आणि तरीही ‘काल आलेला माणूस’ असे म्हणायला फारसी बोलणारा आधी ‘माणूस’ म्हणतो, मग ‘की’सारखा शब्द घालतो, आणि ‘काल आला’ हे मागाहून सांगतो. म्हणजे रक्ताच्या नात्याची फारसी वाक्य एका रीतीने बांधते, आणि जिचे आपल्याशी काही नाते नाही ती उझबेक आपल्याप्रमाणे बांधते. वाक्याची ठेवण पाहून कूळ ठरवायचे म्हटले तर मराठीला हिंद-युरोपीय घरातून उठवून ताश्कंदला पाठवावे लागेल. ठेवणीच्या साम्यावरून कूळ सिद्ध होत नाही, हे दाखवायला दुसरा पुरावा नको.

मग कूळ कशाने ठरते? रोजच्या, सहसा उसने न घेतल्या जाणाऱ्या शब्दांनी, आणि त्या शब्दांतील ध्वनींच्या नियमित देवाणघेवाणीने. उझबेकमध्ये एक ते पाच असे मोजतात : बिर, इक्की, उच, तोर्त, बेश. इस्तंबूलचा तुर्क मोजतो : बिर, इकी, उच, दोर्त, बेश. तेलुगू मोजते : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. आणि शेजारची कन्नड : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. कोण कुणाची बहीण हे पोरालाही कळावे. १८१६ मध्ये, कॉल्डवेलच्या चाळीस वर्षे आधी, मद्रासचा कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस याने कॅम्बेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात याच मार्गाने दाखवून दिले होते की तेलुगू ही संस्कृतची मुलगी नसून तमिळ-कन्नडांच्या कुटुंबातली आहे. तेलुगूत संस्कृत शब्दांची केवढी गर्दी! पण पाहुण्यांची संख्या मोजून घराचा मालक ठरवायचा नसतो, हे त्याने ओळखले.

फसवणारी साम्येही पुष्कळ आहेत. उझबेकमध्ये अनेकवचनाचा प्रत्यय ‘-लर’, तेलुगूत ‘-लु’. ऐकणारा टाळी वाजवून म्हणेल, सापडले नाते! पण ‘-लु’ला तिच्या बहिणींच्या शेजारी उभे करा : कन्नडमध्ये ‘-गळु’, तमिळमध्ये ‘-कळ्’. ‘-लु’च्या मागे एक झिजलेला क-ग आहे, आणि तो पुढे आला की ‘-लर’शी असलेले साम्य मावळते. तसेच उझबेकमध्ये काळ्याला ‘कॉरा’ आणि तेलुगूत काळ्या ढगाला ‘कारुमब्बु’. जगातील कोणत्याही दोन भाषा घ्या, असे दोनचार शब्द योगायोगाने जुळतातच. त्यांच्यावर वंशवृक्ष लावू नये. अलीकडे भाषांच्या प्राचीनपणाला सरकारी मान मिळू लागला आहे. तेलुगूला अभिजात भाषेचा दर्जा २००८ मध्ये मिळाला, मराठीला २०२४ मध्ये. आनंद आहे. पण त्या आनंदाच्या भरात जो तो आपल्या भाषेचे गोत्र सुमेरपर्यंत किंवा अल्ताई पर्वतापर्यंत नेऊन भिडवू लागला, तर ते भाषाप्रेम राहत नाही. ती निव्वळ भाटगिरी होते.

आणखी एक गमतीची गोष्ट. शब्दातल्या एका स्वराच्या ओढीने दुसरा स्वर बदलणे, याला स्वरसंगती म्हणतात, आणि तुर्की कुळाची ती ठळक खूण समजली जाते. तुर्कस्तानच्या तुर्कीत घराचे अनेकवचन ‘एवलेर’ होते आणि घोड्याचे ‘आतलार’. प्रत्यय शब्दाचा रंग पाहून बदलतो. पण ताश्कंदच्या प्रमाण उझबेकमध्ये ही संगती जवळजवळ नाहीशी झाली आहे. घर असो की घोडा, प्रत्यय एकच, ‘-लर’. कारण काय? समरकंद-बुखाऱ्याच्या बाजारांत शतकानुशतके उझबेक आणि ताजिक-फारसी बोलणारे एकत्र नांदले. एकाच घरात दोन्ही भाषा चालत. आणि इकडे, तुर्की कुळाशी ज्या भाषेचा काही संबंध नाही, त्या तेलुगूत स्वर एकमेकांना अजून ओढतात : ‘पुलि’ म्हणजे वाघ, अनेक झाले की ‘पुलुलु’, ‘मनिषि’ म्हणजे माणूस, अनेक झाली की ‘मनुषुलु’. घरची खूण घरच्या मुलीने टाकली, आणि तशीच खूण परक्या घरी स्वतंत्रपणे उमटलेली! शेजार भाषेला किती खोलवर बदलतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शेजाराच्या या शक्तीचा अभ्यास आता चांगला झालेला आहे. मरे एमेनो या पंडिताने १९५६ मध्ये ‘भाषिक क्षेत्र’ म्हणून हिंदुस्थानाचा विचार मांडला : निरनिराळ्या कुळांतल्या भाषा एका भूमीवर दीर्घकाळ नांदल्या की त्यांची ठेवण एकमेकींसारखी होत जाते. पुढे १९७६ मध्ये कॉलिन मॅसिका याने ग्रंथ लिहून दाखवले की आपण ज्यांना खास हिंदुस्थानी लकबी समजतो, त्यांतल्या कितीतरी उत्तरेकडे थेट मध्य आशियापर्यंत पसरल्या आहेत. ‘येऊन’, ‘जाऊन’, ‘लिहून घेणे’ ही मंडळी त्यांतलीच. म्हणजे कॉल्डवेलला जे साम्य दिसले ते खरेच होते. त्याचे कारण मात्र वेगळे होते. योगायोग असा की एमेनोचा निबंध निघाला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपले हैदराबाद संस्थान भाषांच्या रेषांवरून तीन तुकड्यांत वाटले गेले. राज्यकारभाराला रेषा लागतात, हे मान्य. पण भाषा त्या रेषा पाळत नाहीत.

साम्याबरोबर भेदही सांगितलाच पाहिजे, नाहीतर तुलना अर्धी राहते. उझबेकमध्ये लिंगभेद मुळीच नाही. तो, ती, ते या सर्वांना एकच ‘उ’. तेलुगूत पुरुष एकीकडे आणि स्त्री व वस्तू दुसरीकडे : ‘वच्चाडु’ म्हणजे तो आला, ‘वच्चिंदि’ म्हणजे ती आली किंवा ते आले. मराठीने मात्र तिन्ही लिंगे जपली, हा संस्कृतकडून आलेला वारसा. ट, ड, ण, ळ हे जीभ वळवून उच्चारायचे वर्ण तेलुगूत जागोजागी भेटतात. उझबेकमध्ये ते नाहीत. आणि सर्वांत बोलका भेद ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा. तेलुगूत ‘मेमु’ म्हणजे तुला वगळून आम्ही, ‘मनमु’ म्हणजे तुला धरून आपण. उझबेकमध्ये दोहोंना मिळून एकच ‘बिझ’. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. हिंदीत ही वाटणी मराठीइतकी स्पष्ट नाही. हा भेद मराठीने कुणाच्या सहवासात इतका पक्का केला असेल, हे ओळखायला फार दूर जावे लागत नाही.

आता उसन्या शब्दांकडे या. फारसी-अरबीचा एकच प्रवाह उत्तरेकडे उझबेकमध्ये गेला आणि दक्षिणेकडे तेलुगूत आणि मराठीत. पण प्रत्येक घरी त्या पाहुण्याने निराळे कपडे घातले. ‘खबर’ उझबेकमध्ये बातमीच राहिली. तेलुगूने तिला अंत्य स्वर देऊन ‘कबुरु’ म्हणजे निरोप केले, आणि ‘कबुर्लु’ म्हणजे चक्क गप्पा. ‘हाजिर’ उझबेकमध्ये ‘हॉझिर’ होऊन ‘आत्ता’ या अर्थाने चालतो. तेलुगूत ‘हाजरु’ आणि मराठीत ‘हजर’ म्हणजे उपस्थित. ‘दर्या’ आपल्याला समुद्र, उझबेकांना नदी. म्हणून त्यांची ‘अमुदर्या’. तुर्कीचा ‘-ची’ हा कामकऱ्याचा प्रत्यय उझबेकमध्ये आजही जिवंत आहे. लोखंडाला ‘तेमिर’ म्हणून लोहार तो ‘तेमिर्ची’. तोच प्रत्यय फारसीच्या पाठीवर बसून आपल्या ‘तोफची’ आणि ‘मशालची’ या शब्दांत येऊन राहिला. आपण त्याला परका समजत नाही, कारण परका कोण हे तो विसरायला लावतो.

शुद्धतेचा अभिमान आणि मिसळीची भीती, या दोन्ही गोष्टी इतिहासाने थट्टेवारी नेल्या आहेत. संस्कृत शब्दांना फाटा देऊन केवळ अस्सल तेलुगूत लिहिलेले पहिले काव्य ‘ययाति चरित्रमु’ हे सोळाव्या शतकात आपल्या शेजारी, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत झाले. कवी पोन्निकंटि तेलगनार्य. आणि काव्य अर्पण केले आहे इब्राहीम कुतुबशहाचा अधिकारी अमीनखान याला. कुतुबशाही घराणे वंशाने तुर्कमान. म्हणजे तेलुगूच्या अगदी शुद्ध रूपाला आश्रय मिळाला तो तुर्की वंशाच्या राजाच्या दरबारी माणसाकडून! त्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ, उझबेक साहित्याचा मूळपुरुष अलीशेर नवाई याने १४९९ मध्ये तुर्की आणि फारसी यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. ज्यांना फारसीत जोड नाही असे शंभर तुर्की धातू त्याने त्यात मांडले. रडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांनाही तुर्कीत निराळे शब्द कसे आहेत ते दाखवले. हा ग्रंथ लिहिणारा नवाई स्वतः फारसीतही कविता करीत असे. त्याचे म्हणणे इतकेच की आपली भाषा कमी नाही. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी मराठीविषयी, आणि सोळाव्या शतकाच्या प्रारंभी कृष्णदेवरायाने ‘आमुक्तमाल्यदा’त तेलुगूविषयी हाच अभिमान बोलून दाखवला. यांतल्या कुणाचाही अभिमान दुसऱ्या भाषेच्या अज्ञानावर उभा नव्हता. आणि पाहा, नवाईच्याच भाषेत आत्मचरित्र लिहिणाऱ्या बाबराने हिंदुस्थानातील राजांची गणती करताना, मुलूख आणि सैन्य या दोन्ही दृष्टींनी हिंदू राजांत विजयनगरच्या राजाला पहिले स्थान दिले. आज उझबेक मुले आपल्या साहित्याचा वारसा म्हणून जो ग्रंथ वाचतात, त्यात कृष्णदेवरायाच्या राज्याची नोंद आहे.

भाषेला खरी इजा कशाने होते, हेही उझबेकच्या अलीकडच्या इतिहासात दिसते. ती पूर्वी अरबी लिपीत लिहिली जाई. १९२९ मध्ये रोमन लिपी आली, १९४० मध्ये रशियन लिपी, आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा रोमन; तीतही १९९५ मध्ये दुरुस्ती. आज तेथे दोन्ही लिप्या दिसतात. एका शतकात इतक्या वेळा अक्षरे बदलली, की आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना. शेकडो फारसी शब्दांनी उझबेकचे जे नुकसान केले नाही, ते या तुटलेल्या वाचनाने केले. आपल्यालाही हे दुःख परके नाही. कितीतरी जुन्या मराठी घरांत पेटीच्या तळाशी मोडी कागद पडून आहेत, आणि ते वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. तेलुगू या बाबतीत भाग्यवान. तिची लिपी तिच्यापासून कुणी हिसकावली नाही.

यावरून आपल्या घरांतल्या तक्रारीकडे वळतो. तेलंगणाने २०१८ मध्ये कायदा करून सर्व शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगूचे शिक्षण सक्तीचे केले. तेव्हापासून सुलतान बाजार-काचीगुड्याकडच्या आपल्या मंडळींच्या बैठकीत एक सूर ऐकू येतो : मुलांवर आणखी एक भाषा लादली, आता मराठी बाटणार आणि विसरणार. सक्तीविषयी ज्याचे त्याचे मत असू शकते. पण ‘बाटणार’ या शब्दाला माझी हरकत आहे. मराठी तेलुगूच्या शेजारी शेकडो वर्षे राहिली. तिचे ‘म्हणून’, तिचे ‘आपण’ हे त्या शेजारात अधिकच पक्के झाले, आणि त्यामुळे ती मराठी राहिली नाही असे कुणी म्हणत नाही. आपल्या शहरातल्या दखनीने तर मराठीचे ‘नको’ उचलून ‘नक्को’ केले आणि ‘म्हणून’च्या धर्तीवर ‘बोलके’ बनवले. त्यात ना मराठीचे काही गेले, ना दखनीचे.

उलट मी म्हणतो, मराठी मुलाला तेलुगू शिकणे निम्मे तरी सोपे आहे. शब्द नवे आहेत, लिपी नवी आहे. पण वाक्य कसे चालते ते त्याला आईच्या मांडीवरच कळलेले असते. ‘नेनु चदिविन पुस्तकं’ या तीन शब्दांचा क्रम त्याला समजावून द्यावा लागत नाही. हे घरातल्या मोठ्यांनी त्याला दाखवून दिले पाहिजे. शाळेतून आल्यावर त्याने तेलुगू वाक्य म्हटले की आपण त्याचे मराठी करून पाहावे, आणि दोन्ही कशी एका चालीने चालतात ते त्याच्याकडूनच ओळखून घ्यावे. मग तो विषय ओझे राहणार नाही.

आणि मराठी टिकण्याचा प्रश्न? तो तेलुगूच्या तासाला सुटत नाही आणि बिघडतही नाही. तो आपल्या माजघरात आहे. ज्या घरात रात्री कुणी मराठी वाचून दाखवीत नाही, पत्र मराठीत लिहीत नाही, नातवाशी आजी अर्ध्या इंग्रजीत बोलते, त्या घरातली मराठी तेलुगू नसती तरी गेलीच असती. उझबेक फारसीच्या शेजारात पाचशे वर्षे जगली, वाढली, आपला नवाई आपल्याजवळ ठेवून राहिली. तिचे हाल झाले ते तिचे वाचन तुटले तेव्हा. ही गोष्ट समरकंदची असली तरी तिच्यातला इशारा आपल्या उंबरठ्यावरचा आहे. मुलांना शेजाऱ्याची भाषा मोकळ्या मनाने शिकू द्यावी, आणि घरात मराठी पुस्तक रोज उघडावे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि दुसरे काम आपल्यासाठी कोणतेही सरकार करणार नाही.